नाव हलकी असावी कीं जड ?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. ते कल्याणच्या बाजूस एका कारखान्यांत कामास आहेत. त्यांचा मुलगा तीन वर्षांपासून कयाक नांवाची होडी वल्हविण्यास शिकत आहे, व त्याच्या अंगीं त्या विद्येचें कसबही बऱ्यापैकीं आहे. त्यानें घरीं हट्ट धरिला होता कीं, मंडळाची जुनी होडी जड असल्यामुळें आपण शर्यतींत मागें पडतों, तेव्हां मला कार्बनची हलकी होडी विकत घेऊन द्या. तिची किंमत म्हणजे वडिलांचें कित्येक महिन्यांचें वेतन. बिचाऱ्यांनीं पतपेढीचा कर्जाचा कागदही आणून ठेविला होता. "सर, तुम्ही शास्त्र शिकवितां," ते म्हणाले, "हलक्या होडीनें पोरगा खरेंच पुढें जाणार असेल तर मी कर्ज काढतों. एवढें मला सांगा."

प्रश्न साधा दिसला तरी उत्तर देण्यास मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जें वाचलें, जें मोजलें आणि जें पूर्वीं स्वतः भोगलें होतें तें आठवलें, तें सर्व येथें मांडीत आहें. ठाणें, कल्याण, डोंबिवली या आपल्या मुलखाला तीन बाजूंनीं खाडी आणि नदी आहे. तेव्हां हा विषय त्या एका घरापुरता नाहीं.

प्रथम कयाक म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. ग्रीनलंड व उत्तर अमेरिकेचा हिममय किनारा येथें राहणाऱ्या इन्युइट लोकांची ही शिकारीची होडी. त्या देशीं झाडें नाहींत म्हटलें तरी चालेल. समुद्रानें वाहून आणिलेलीं लांकडें आणि जनावरांचीं हाडें यांचा सांगाडा करावा, त्यावर सीलचें कातडें ताणून शिवावें, आणि वर माणसाच्या कमरेपुरतें भोक ठेवावें, अशी तिची रचना. वल्हें एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांस पातीं. वाटेंत बर्फ आलें म्हणजे शिकारी ती होडी उचलून घेऊन चालूं लागे, आणि पुढें पाणी लागलें कीं पुन्हां तींत बसे. कानडांतील मूळ रहिवाशांची भूर्जाच्या सालीची होडीही अशीच एका सरोवरापासून दुसऱ्या सरोवरापर्यंत खांद्यावरून नेत असत. ज्या होडीला माणूस वाहतो आणि जी माणसाला वाहते, ती हलकी असावयासच हवी.

आपल्याकडील चाल निराळी. कोंकणांत आंब्यासारख्या झाडाचें जाड खोड कोरून होडी करीत, आणि ती कलंडूं नये म्हणून बाजूला उलांडी बांधीत. अशी होडी खांद्यावर घेण्याची नव्हेच. चार माणसांनीं ओंडक्यांवरून ती पाण्यांत लोटावयाची. फळ्या जोडून केलेल्या होड्या, मचवे, पडाव हे त्याहून जड. खाडीचें पाणी दाराशीं आहे, भरती त्यांना उचलते आणि ओहोटी त्यांना बसविते. मग उचलण्याची चिंता कोणीं करावी? आतां लांकडाच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं फायबर आलें आहे हें खरें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. विद्यार्थिमित्रांनो, आर्किमिडीझचा नियम तुम्हीं पाठ केलाच आहे. तरंगणारी वस्तु स्वतःच्या वजनाइतकें पाणी बाजूस सारते. मुलाचें वजन ५५ किलो व होडीचें १२ किलो धरलें, तर ६७ किलो पाणी बाजूस सारलें गेलें पाहिजे. तोच मुलगा २५ किलोच्या प्लॅस्टिकच्या होडींत बसला, तर ८० किलो. यांतच पहिली गोष्ट कळून येते. होडीचें वजन दुपटीहून अधिक झालें, परंतु पाण्याला जें ओझें वाटतें तें शेंकडा एकोणीसच वाढलें. पाण्याला होडी वेगळी आणि माणूस वेगळा असा भेद ठाऊक नाहीं. तेरा किलो वजन होडीच्या लांकडांत असो, डब्यांत असो, कीं बसणाऱ्याच्या पोटावर असो, त्याचा परिणाम पाण्यांत सारखाच.

ही तेरा किलोंची भर होडीला किती बुडविते ? सुमारें पांच मीटर लांब व अर्धा मीटर रुंद अशी सफरीची कयाक एक सेंटीमीटर अधिक बुडावयास सतरा-अठरा किलो वजन लागतें. म्हणजे तेरा किलोंनीं ती करंगळीच्या जाडीइतकीही अधिक बुडत नाहीं. बुडालेला भाग थोडा वाढला म्हणजे पाण्याचें घर्षण थोडें वाढतें. सावकाश चालींत होडीला जो विरोध होतो त्यांत हें घर्षणच मुख्य असतें. सारख्या आकाराच्या होड्या घेऊन हिशेब केला तर शेंकडा एकोणीस वजनामागें भिजलेला पृष्ठभाग शेंकडा साडेबारा वाढतो. परंतु वेग त्या मानानें कमी होत नाहीं. विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, आणि लागणारी शक्ति म्हणजे विरोध गुणिले वेग. तेव्हां शक्ति वेगाच्या घनाप्रमाणें वाढते. हेंच उलट वाचलें म्हणजे असें दिसतें कीं, हातांची शक्ति तीच ठेवून विरोध शेंकडा साडेबारा वाढला, तर वेग फार तर शेंकडा चार कमी होईल. एक तासाच्या प्रवासास साडेबासष्ट मिनिटें लागतील. रविवारीं सकाळीं पक्षी पाहण्यास निघालेल्या माणसानें त्या अडीच मिनिटांसाठीं कर्ज काढूं नये, असें मला वाटतें.

या हिशेबांत होडीचा आकार सारखाच धरला आहे. व्यवहारांत तसें नसतें. आंखूड व रुंद होडीपुढें मोठी लाट उभी राहते, आणि वेग वाढवूं गेलें कीं वल्हविणाऱ्याला ती लाट चढावी लागते. लांब व अरुंद होडी त्याच वेगानें पाणी कापून निघून जाते. पुष्कळ वेळां जिला आपण "हलकी म्हणून वेगवान" म्हणतों, ती वस्तुतः "लांब व निमुळती म्हणून वेगवान" असते. दुकानदार हें सांगत नाहीं, कारण वजन कांट्यावर दाखवितां येतें आणि आकार दाखविण्यास खाडींत उतरावें लागतें.

मग वजनाला कांहींच किंमत नाहीं काय ? आहे, पण ती निराळ्या ठिकाणीं आहे. उभी होडी चालू करतांना न्यूटनचा दुसरा नियम पुढें येतो. तेथें घनमूळ वगैरे सवलत नाहीं. वस्तुमान शेंकडा पांच अधिक, तर त्याच जोरानें मिळणारें प्रवेगही जवळ जवळ शेंकडा पांच कमी. शर्यतीचीं पहिलीं दहा-बारा वल्हीं, वळणें, थांबून पुन्हां निघणें, या सर्वांत जड होडी आपला कर वसूल करते. उलट एकदां गति मिळाली कीं जड होडी ती सहज सोडीत नाहीं. दोन वल्ह्यांच्या मधल्या क्षणांत ती हलकीपेक्षां अधिक स्थिरपणें पुढें सरकते. रेल्वेची मालगाडी आणि हातगाडी यांच्यांतला हाच फरक आहे.

आपल्या इतिहासांतही हलकी व जड नाव यांचा सामना झालेला आहे. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजीमहाराजांनीं दुर्गाडीच्या आश्रयानें कल्याणच्या खाडींत आरमाराचा पाया घातला, हें येथील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्यानंतर बावीस वर्षांनीं, १६७९ त, मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर महाराजांच्या लोकांनीं तट बांधण्यास आरंभ केला. मुंबईकर इंग्रजांनीं तो मोडण्यासाठीं कॅप्टन केग्विन याच्या हाताखालीं जहाजें पाठविलीं. त्यांच्या मोठ्या जहाजांवर तोफा भारी होत्या. समोरासमोरच्या लढाईंत मराठ्यांच्या लहान नावा त्यांच्यापुढें टिकणें कठीण होतें. परंतु रात्रीं वारा पडला कीं तींच जहाजें शिडें लोंबकळवीत जागच्या जागीं उभीं, आणि नागांव-थळच्या उथळ पाण्यांतून मराठ्यांच्या लहान, कमी बुडणाऱ्या नावा वल्हीं मारीत धान्य, माणसें व सामान घेऊन बेटाकडे निसटत. ही ये-जा इंग्रजांस शेवटपर्यंत बंद करितां आली नाहीं, आणि पुढील वर्षाच्या आरंभीं त्यांनीं बेटाचा नाद सोडला. येथें हलकेपणाचा उपयोग केवळ वेगासाठीं झाला नाहीं. थोड्या पाण्यांत तरंगणें, वाऱ्यावांचून चालणें, आणि किनाऱ्यास कोठेंही लागणें, हे त्याचे खरे फायदे होते.

थोडें पाणी म्हणजे काय, हें मला पंधरा वर्षांपूर्वीं ठाण्याच्या खाडीनें शिकविलें. आम्ही तिघे शिक्षक एका ओळखीच्या गृहस्थाची जुनी लांकडी होडी मागून घेऊन विटाव्याच्या बाजूनें निघालों. वद्य द्वितीया होती. कोळी लोकांचा भरतीचा हिशेब फार सोपा आहे : तिथीची पाऊणकी करावी, म्हणजे बारानंतर किती तासांनीं पूर्ण भरती येईल तें कळतें. द्वितीयेची पाऊणकी दीड. म्हणजे दीड वाजतां भरती. हा हिशेब आम्हांस ठाऊक असूनही आम्ही जेवून, विडा खाऊन, दोन वाजून गेल्यावर निघालों ! पुनवेचें उधाण नुकतेंच होऊन गेलेलें. अशा दिवसांत पाणी जितकें चढतें तितकेंच खालीं उतरतें. पांचाच्या सुमारास होडी चिखलांत बसली. तिघांनीं उतरून ती ओढण्याचा यत्न केला, तों मांड्यांपर्यंत आंत गेलों. होडी तसूभरही हलली नाहीं.

अंधार पडण्याच्या आधीं एक वृद्ध कोळी आपली लहानशी होडी घेऊन त्याच चिखलावरून आला. एक गुडघा होडीच्या कांठावर टेकलेला, दुसरा पाय चिखलांत, आणि त्या पायानें ढकलीत तो असा चालला होता जणूं रस्त्यावरूनच चालला आहे. त्यानें आमच्या होडीवर हात थापटून पाहिला व म्हणाला, "मास्तर, ही होरी पानी पिऊन बसलीय. तिला उन्हान सुकवाला पायजे." लांकूड पाणी शोषतें, आणि हंगामभर पाण्यांतच ठेविलेली होडी मूळच्या वजनाहून बरीच जड होते, म्हणूनच आपले कोळी पावसाळ्याआधीं होड्या वर ओढून वाळवितात, त्यांस तेल-डामर लावितात, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां पाण्यांत सोडितात, हा अर्थ मला त्या चिखलांत उभें असतां कळला. त्यानें आम्हांस आपल्याजवळचें पिण्याचें पाणी दिलें, तिवरांच्या झाडीकडे पायीं जाऊं नका असें बजाविलें, आणि तो निघून गेला. आमची होडी रात्रीं अकरानंतर भरतीनें उचलली. मच्छरांविषयीं लिहीत नाहीं.

या अनुभवानंतर कोणी म्हणेल कीं, मग हलकीच बरी. तेंही पुरतें खरें नव्हे. दोन वर्षांपूर्वीं डोंबिवलीजवळ मोठागांवाच्या बाजूस, जेथें उल्हासचें पात्र रुंद होतें, तेथें मीं एका स्नेह्याची अगदीं हलकी होडी घेऊन पाहिली. सकाळीं ती फुलासारखी चालली. दुपारीं पश्चिमेचा वारा सुटला, आणि तिचें तोंड कांहीं केल्या सरळ राहीना. हलकी होडी पाण्यांत कमी बुडते म्हणून तिचा वर राहिलेला भाग वाऱ्याला अधिक सांपडतो, आणि वाऱ्याशीं झगडण्यास तिच्याजवळ वजनाचें भांडवल नसतें. मी तिवरांत जाऊन अडकलों व उलथलों. अंगांत लाइफ-जाकीट होतें म्हणून हा लेख लिहावयास उरलों आहें. जुने नाखवे रिकाम्या गलबतांत दगडांचें नीरम मुद्दाम भरीत, तें कशासाठीं, याचा उलगडा यांत आहे.

आतां शर्यतीच्या होड्यांविषयीं, कारण आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न तोच होता. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें एका माणसाची शर्यतीची कयाक ५.२० मीटरहून लांब असूं नये, आणि १२ किलोहून हलकी असूं नये. दोघांच्या कयाकेस १८ किलो आणि दोघांच्या कनूस २० किलो ही खालची मर्यादा आहे. २०२३ च्या हांगचौ येथील आशियाई क्रीडांत अर्जुन सिंग व सुनील सिंग सलाम या आपल्या जोडीनें १००० मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें, तें या वीस किलोंच्या वर्गांत. १९९४ च्या हिरोशिमानंतर या खेळांत भारताला मिळालेलें तें पहिलेंच पदक. पाठमोरें बसून वल्हविण्याचा जो दुसरा खेळ, त्यांतही असाच नियम आहे : एकट्याच्या नावेस १४ किलो, चौघांच्या दोन-दोन वल्ह्यांच्या नावेस ५२ किलो. नाशिक जिल्ह्यांत चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही हें दुष्काळी गांव. तेथील दत्तू भोकनळ यानें पूर्वीं विहिरी खणण्याचें काम केलें, पुढें तो सैन्यांत गेला, तेथें वल्हें हातीं धरलें, आणि २०१६ सालीं रिओ येथें एकट्याच्या शर्यतींत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई क्रीडांत पालेम्बांग येथें चौघांच्या नावेंत तो सुवर्णपदकाचा भागीदार झाला. सर्वांच्या नावेस खालची मर्यादा तीच. एखादी नाव त्याहून हलकी भरली तर तींत वजन बांधून ती पुरी करावी लागते.

यावरून वडिलांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें. कितीही पैसा ओतला तरी शर्यतींत १२ किलोंच्या खालीं जातां येत नाहीं. तेव्हां विकत घेतां येईल तें इतकेंच : मंडळाची होडी आज जितकी भरते त्यांतून बारा वजा केले असतां जें उरेल तें.

मीं मुलास बोलावून विचारलें, "तुझी होडी किती किलो भरते ?" त्याला सांगतां आलें नाहीं. तीन वर्षें तो तिला जड म्हणत होता, पण कांट्यावर ती एकदांही चढली नव्हती. पुढें बोलतां बोलतां आणखी एक गोष्ट निघाली, ती ऐकून मात्र मी थबकलों. वजन कमी करावें म्हणून गेले कित्येक दिवस तो सरावास जातांना लाइफ-जाकीट किनाऱ्यावरच ठेवून जात असे. आईवडिलांस याचा पत्ता नव्हता.

मीं फळ्यावर त्याच्याकडूनच हिशेब करविला. जाकिटाचें वजन अर्धा किलो. ६७ किलोंमध्यें अर्धा किलो म्हणजे शेंकडा पाऊण. वेगांत फरक त्याच्या पांचव्या हिश्श्यापेक्षां किंचित् अधिक. हजार मीटरला त्याला पांच मिनिटें लागतात. म्हणजे अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदासाठीं तो चिखलाच्या, ओहोटीच्या खाडींत उघडा जात होता. तो कांहीं बोलला नाहीं. त्या संध्याकाळपासून जाकीट अंगावर असल्याशिवाय त्यास पाण्यावर सोडूं नये, असें मीं मंडळाच्या शिक्षकांस सांगून आलों. पालकांनींही हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. मुलाच्या तोंडी उत्तरावर विसंबूं नये.

दुसरे दिवशीं आम्ही दोघांनीं होडी एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या कांट्यावर चढविली. ती साडेपंधरा किलो भरली. म्हणजे मर्यादेहून साडेतीन किलो अधिक. त्याच हिशेबानें हजार मीटरला साडेतीन सेकंदांचें, अकरा-बारा मीटरांचें अंतर. सफरीच्या माणसाला हें कांहींच नव्हे, पण शर्यतींत अकरा मीटर म्हणजे तीन क्रमांकांचा फरक होऊं शकतो. मुलगा अगदींच खोटें बोलत नव्हता, हें मला कबूल करावें लागलें.

परंतु होडी खालीं घेतांना तिच्या आंत कांहीं डचमळल्यासारखें वाटलें. पुढच्या टोकाशीं जो बंद कप्पा असतो, त्याच्या सांध्यास केंसाएवढी भेग पडली होती, आणि सारा हंगाम त्यांतून पाणी झिरपत होतें. बसण्याच्या जागेखालचा फोम ओल्या स्पंजासारखा झालेला. आम्हीं कप्प्याचें झांकण उघडून होडी उलटी टांगली. पाणी बादलींत धरलें. चार दिवस ती शाळेच्या मागील ओसरींत वाळली, भेग राळेनें बुजविली, फोम नवा घातला. खर्च तीनशें रुपयांच्या आंत झाला. मग पुन्हां त्याच कांट्यावर ती ठेविली, तेव्हां सव्वातेरा किलोंच्या किंचित् खालीं भरली.

वडील ठरल्या दिवशीं आले. मीं त्यांस दोन्ही वजनें लिहिलेली चिठ्ठी दिली, आणि उरलेल्या सव्वा किलोचा हिशेब मुलानेंच त्यांस सांगितला : हजार मीटरला सव्वा सेकंद. त्यांनीं चिठ्ठी दोनदां वाचली, कर्जाच्या कागदाबरोबर घडी घालून खिशांत ठेविली, आणि जाकीट नवें घ्यावयाचें झाल्यास तें कोणत्या मापाचें घ्यावें, असें मला विचारलें.